फॉरमॅट मारण्याआधी

जेऊरच्या बाजारपेठेतील एक घर डोळ्यांसमोर आणावे. पुढे दुकान, वर राहण्याच्या खोल्या, दुकानाच्या मागच्या अंगाला गादी आणि गादीशेजारी लहानशा टेबलावर संगणक. दौंड ते कुर्डुवाडी लोहमार्गावरील, करमाळा तालुक्यातील हे गाव. भोवतालच्या शिवारात उजनीच्या पाण्यावर वाढलेला ऊस आणि केळी. साहजिकच व्यवहार हंगामाचा आणि बराचसा उधारीचा. गिऱ्हाईक माल आज नेते आणि पैसे उसाचे बिल जमा झाल्यावर देते. मधल्या महिन्यांत कोणाकडे किती येणे आहे याची साक्ष पूर्वी वही देत असे; आता ती टेबलावरची ही पेटी देते.

पेटी जुनी आहे, २०११ च्या सुमाराची. मुलाच्या शिक्षणासाठी घेतली गेली. मुलगा पुढे शिकायला पुण्याला गेला आणि संगणक वरच्या खोलीतून खाली दुकानात उतरला. आपल्याकडील कितीतरी घरांत संगणकाने हाच प्रवास केला आहे. जे यंत्र मुलाच्या हातात खेळणे होते, ते वडिलांच्या दुकानात दप्तर झाले. मात्र त्याची निगा खेळण्यासारखीच राहिली.

एके सकाळी सूनबाई हिशेबाला बसतात. बटण दाबतात. पंखा फिरतो, कंपनीचे नाव झळकते, विंडोजचे रंगीत चिन्ह उमटू लागते आणि क्षणभर निळा पडदा चमकून सारे काळे होते. यंत्र आपोआप पुन्हा सुरू होते, पुन्हा तेच. चार वेळा, पाच वेळा.

“मामंजी, आज परत तसंच झालं.”

“मागच्या वेळी तो मुलगा येऊन दहा मिनिटांत चालू करून गेला होता. त्यालाच बोलाव.”

“तो गेला पुण्याला. आता दुसऱ्याला फोन करते.”

दुसरा येतो. तोही दोनदा बटण दाबून पाहतो आणि निदान सांगतो: “विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावा लागेल.”

ही चार शब्दांची वैद्यकी खेड्यापाड्यांत आणि शहरांतही सर्रास चालते. फॉरमॅट मारणे म्हणजे डिस्कवरचे जुने लेखन पुसून नवी पाटी मांडणे. ताप आलेल्या माणसाचे घर पाडून नवे बांधून द्यावे, तसा हा उपचार आहे. कधी गुण येतो, कारण घर खरेच पडके असते. पण बहुधा ताप दुसऱ्याच कारणाचा असतो, आणि घर पाडताना आत काय होते हे कोणी नीट पाहिलेले नसते.

कारागिराचा हेतू वाईट नसतो. तो विचारतो, “काही महत्त्वाचं आहे का?” घरचे म्हणतात, फोटो आहेत. तो डेस्कटॉपवरच्या आणि ‘माय डॉक्युमेंट्स’मधल्या वस्तू पेन ड्राइव्हवर काढून घेतो आणि कामाला लागतो. लग्नाचे फोटो वाचतात. हिशेब जातो. टॅलीची माहिती सहसा या दोन्ही ठिकाणी नसते. ती सी किंवा डी ड्राइव्हमध्ये टॅलीच्या आपल्या जागी, ‘डेटा’ नावाच्या फोल्डरात, प्रत्येक कंपनीमागे केवळ आकड्यांचे नाव असलेल्या एका उपफोल्डरात राहते. आकड्यांच्या त्या नावावरून हा सात-आठ वर्षांचा खतावणीचा गठ्ठा आहे असे परक्या माणसाला कळण्याचे कारण नाही. घरातल्यांनाही ते ठाऊक नसते. वही कोणत्या कपाटात आहे हे माहीत नसलेला व्यापारी पूर्वी सापडला नसता. फोल्डर कोठे आहे हे माहीत नसलेले आज घरोघर आहेत.

टॅलीचा उगमही अशाच एका घरातला आहे. श्यामसुंदर गोएंका यांचा गिरण्यांना आणि कारखान्यांना माल व सुटे भाग पुरवण्याचा धंदा होता. हिशेब ठेवण्यासाठी मनासारखी प्रणाली मिळेना, तेव्हा त्यांनी गणित शिकलेल्या मुलाला, भरत गोएंकांना, ती तयार करायला सांगितले. १९८६ साली त्यांची कंपनी उभी राहिली, पुढे बंगळूरहून तिचा पसारा देशभर झाला आणि २०२० साली भरत गोएंकांना पद्मश्री जाहीर झाली. व्यापाऱ्याने आपल्या गरजेसाठी मुलाकडून करवून घेतलेली ही वही आहे, हे लक्षात ठेवले की ती कोठे ठेवली जाते हे जाणून घेण्याचा कंटाळा वाटू नये. टॅली चालू असताना कंपनी निवडण्याच्या पडद्यावर तो मार्ग लिहिलेलाच असतो. यंत्र धडधाकट असेल त्या दिवशी तो कागदावर उतरवून गादीजवळ चिकटवावा. यंत्र बंद पडल्यावर तो पडद्यावर वाचता येत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, विंडोज सुरू होत नाही याचा अर्थ हिशेब गेला असा नव्हे. दुकानाचे शटर अडकले म्हणून आतला माल नाहीसा होत नाही. पेटीतील हार्ड डिस्क चार स्क्रू काढून बाहेर घेता येते आणि सॅटा-यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडता येते. मग ती मोठ्या पेन ड्राइव्हसारखी उघडते आणि आकडी नावाचे ते फोल्डर उचलून घेता येते. डिस्क बाहेर काढायची नसेल, तर पेन ड्राइव्हवर लिनक्स घालून त्यावरून यंत्र सुरू करता येते. त्यासाठी डिस्कवरच्या विंडोजची गरज लागत नाही. कारागीर कोणीही असो, त्याच्याकडून आधी एवढे करून घ्यावे, दुसऱ्या यंत्रावर त्या महिन्याचे खाते उघडून डोळ्यांनी पाहावे आणि मगच पुढची परवानगी द्यावी. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा एकेक फाइल निघायला मिनिटे लागत असतील, तर ती दुरुस्त करण्याचा कोणताही प्रोग्राम त्या डिस्कवर आधी चालवू नये. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला एवढे श्रम सोसत नाहीत. दुरुस्ती अर्ध्यावर असतानाच ती बंद पडते. तिच्यातून जे निघते ते पहिल्यांदा काढून घ्यावे.

हिशेब हाती आला की घाई संपते. मग दोष शोधायला वेळ मिळतो, आणि शोधाची सुरुवात पेचकसाने नव्हे, घड्याळाने होते. बटण दाबल्यापासून यंत्र किती वेळाने कोसळते, ही पहिली नोंद. दोन-तीन सेकंदांत पंखा फिरून थांबत असेल तर गोष्ट विंडोजपर्यंत पोहोचलेलीच नाही. वीजपुरवठ्याची पेटी, ज्याला सारे एसएमपीएस म्हणतात, किंवा मदरबोर्ड, किंवा कोठेतरी झालेले शॉर्ट सर्किट, असा तो प्रांत. पंखा फिरत राहतो पण पडदा काळाच आणि पेटी लांबलचक शिट्या घालते, तर बहुधा रॅमची पट्टी. काही मिनिटे काम करू देऊन एकाएकी बंद पडत असेल आणि थोडे थांबल्यावर पुन्हा तेवढीच मिनिटे चालत असेल, तर उष्णता. आणि आपल्या या घरातल्यासारखे विंडोजचे चिन्ह उमटता उमटता कोसळत असेल, तर डिस्क, तिची जोडणी, एखादा बिघडलेला ड्रायव्हर किंवा यंत्राची मूळ मांडणी, यांच्याकडे पाहावे लागते. नाव सांगून पासवर्ड दिल्यानंतर कोसळणारे यंत्र तर बहुतांशी एखाद्या प्रोग्रामचे बळी असते. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धी दुरुस्ती होते, आणि ते कारागिराला करता येत नाही, कारण तो दुपारी येतो. ते घरच्यांनीच करायचे असते.

रॅमचा दोष जुन्या यंत्रांत सर्वांत सामान्य आणि सर्वांत स्वस्त. पट्टीच्या सोनेरी कडेवर वर्षांची मळी बसते. पेटीची वायर भिंतीतून काढून, पट्टी अलगद उपसून, ती कडा शाळेच्या स्वच्छ खोडरबराने पुसून, चुरा झटकून पुन्हा ‘टक’ असा आवाज येईपर्यंत बसवली की कित्येक मेलेली यंत्रे उठतात. खोडरबर मात्र मऊ पांढरेच असावे. शाई खोडण्याचे खरखरीत रबर मुलामाच खरवडून काढते.

उष्णतेचे प्रकरण आपल्या भागात अधिक. सोलापूर जिल्ह्याचा उन्हाळा चाळिशीच्या पुढचा, रस्त्याची धूळ, त्यात दुकान किराण्याचे असेल तर पिठाची आणि मसाल्याची भुकटी. प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत तिचा नमदा होतो. पात्यांखालचा उष्णतावाहक लेप वाळून भुगा झालेला असतो. प्रोसेसर ठरावीक तापमानापुढे गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडतो; लोक त्याला बिघाड म्हणतात, वस्तुतः तो त्याचा शहाणपणा. उपाय साफसफाईचा आणि नव्या लेपाचा. पण पेटी उघडून एकदम ब्लोअर मारू नये. बंद असलेल्या उबदार पेटीत मुंग्या, कोळी, कधी पालीची पिल्ले आसऱ्याला आलेली असतात. दिवसाउजेडी पेटी उघडावी, ती थोडा वेळ तशीच आडवी ठेवावी, मऊ कुंचल्याने यतनेने जीवजंतू बाहेर जाऊ द्यावेत आणि नंतरच धूळ काढावी. हे यंत्राच्याही हिताचे आहे. चालू यंत्रात शिरलेली पाल दोन तारांना एकदम टेकली की तिचा जीव जातो आणि मदरबोर्डही जातो. म्हणून मागच्या बाजूच्या रिकाम्या फटी पत्र्याच्या पट्ट्यांनी बंद असाव्यात. त्या पट्ट्या हरवल्या नाहीत असे जुने यंत्र विरळाच! ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. वाऱ्याने गरगर फिरलेल्या पंख्याचे बेअरिंग खराब होते.

एसएमपीएस मात्र घरी कधीही उघडू नये. आपल्या २३० व्होल्टच्या विजेतून तिच्या आत सुमारे ३२५ व्होल्टचा दाब तयार होतो आणि वायर काढल्यावरही काही काळ तो आतल्या कॅपॅसिटरांत राहतो. जुन्या पेट्यांच्या मागे एक लहान तांबडी कळ असते, ११५ आणि २३० अशी. घरातल्या बाळाने ती कुतूहलाने सरकवली आणि बटण दाबले की धूरच. त्या कळीवर चिकटपट्टी लावण्याइतके सोपे काम दुसरे नाही. मदरबोर्डवरचे उभे दंडगोल, म्हणजे कॅपॅसिटर, डोक्यावर फुगलेले किंवा तपकिरी पाझर सुटलेले दिसले तर सोल्डरिंग जाणणाऱ्याकडे बोर्ड द्यावा. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या बोर्डांत हा दोष जगभर इतका पसरला होता की त्याला साथीच्या रोगाचे नाव मिळाले.

आता पुन्हा गादीकडे. आपल्या घरातल्या यंत्राला शिट्या नाहीत, ते तापतही नाही. ते नेमके विंडोजच्या चिन्हापाशी कोसळते. निळा पडदा क्षणभरच दिसतो, कारण कोसळल्याबरोबर पुन्हा सुरू व्हायचे, अशी विंडोजची नेहमीची मांडणी असते. त्यावर लिहिलेले वाचता आले तर निदान निम्मे होते. विंडोज ७ मध्ये यंत्र सुरू होताच एफ-८ ही कळ थांबून थांबून दाबत राहिले की एक यादी येते. तीत कोसळल्यावर आपोआप पुन्हा सुरू होऊ नये, असा एक पर्याय आहे. तो निवडला की निळा पडदा स्थिर राहतो आणि त्याचे मोबाइलवर छायाचित्र घेता येते. विंडोज १० मध्ये एफ-८ सहसा चालत नाही. तेथे यंत्र लागोपाठ दोन-तीनदा अर्ध्यावर बंद पडले की दुरुस्तीचा पडदा आपोआपच समोर येतो.

त्याच यादीत ‘सेफ मोड’ असतो. या अवस्थेत विंडोज अगदी जरुरीपुरते सामान घेऊन उठते. बाहेरचे प्रोग्राम आणि बहुतेक ड्रायव्हर बाजूला राहतात. सेफ मोडमध्ये यंत्र नीट उठले, तर दोष नंतर आलेल्या पाहुण्यांपैकी कोणाचा तरी आहे असे समजावे. या साध्या सोयीचे मोल साऱ्या जगाला १९ जुलै २०२४ रोजी कळले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलमुळे त्या दिवशी सुमारे ८५ लाख विंडोज संगणक सुरू होता होता निळे पडून कोसळू लागले. हा आकडा मायक्रोसॉफ्टचा. विमाने खोळंबली, भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. एवढ्या मोठ्या अरिष्टावरचा उतारा काय होता? यंत्र सेफ मोडमध्ये उठवायचे, ती एक फाइल शोधून पुसायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे. विमानतळांवरच्या त्या संगणकांना कोणी फॉरमॅट मारत बसले नाही.

आपल्या घरातले यंत्र मात्र सेफ मोडमध्येही कोसळते. स्थिर झालेल्या पडद्यावरचा संकेतांक शून्य-एक्सने सुरू होतो आणि ७बी या अक्षरांनी संपतो. त्याचा अर्थ असा की, विंडोज उठले, पण ज्या डिस्कवरून ते उठले ती डिस्कच त्याला पुढच्या पावलावर दिसेनाशी झाली. येथे कोणीही म्हणेल, डिस्क गेली. पण हीच डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून तासाभरापूर्वी सारा हिशेब सुरळीत काढून घेतलेला आहे. डिस्क चांगली, विंडोजच्या फाइली जागच्या जागी. तरी दोघांची ओळख पटत नाही.

उत्तर सापडते ते रोजकीर्दीत. मामंजींनी टॅली आल्यानंतरही हाताने रोजकीर्द लिहिण्याचा नेम सोडलेला नाही. पान उलटता उलटता कडेच्या नोंदी दिसतात. ‘रात्रीपासून लाइट नाही, पावत्या हाताने.’ दुसऱ्या दिवशी: ‘संगणक बंद, मुलगा येऊन गेला.’ दोन महिन्यांनी पुन्हा तशीच जोडी. आणि परवाची नोंद: ‘वादळाने तारा तुटल्या, चौदा तास वीज नाही.’

“सूनबाई, हा लाइट गेल्यावरच रुसतो की काय?”

“यूपीएस आहे ना, मामंजी.”

“यूपीएस चौदा तास पुरेल होय!”

विजेचा आणि विंडोजचा संबंध काय, हे समजण्यासाठी पेटीत डोकावावे लागते. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. त्याचे नाव सीआर२०३२. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, म्हणून हा आकडा. ३ व्होल्टचा हा सेल दोन कामे करतो: यंत्राचे घड्याळ चालू ठेवतो आणि बायोसची, म्हणजे विंडोजच्याही आधी जागणाऱ्या मूळ प्रणालीची, मांडणी लक्षात ठेवतो. भिंतीतली वीज चालू असते तोवर संगणक बंद असला तरी बोर्डाला थोडा पुरवठा मिळत राहतो आणि सेल संपला आहे हे कळतच नाही. वीज दीर्घकाळ गेली, यूपीएसही रिता झाला, की सारी मदार त्या सेलवर येते. तो मेलेला असेल तर बायोस सारे विसरते आणि कारखान्यातल्या मूळ मांडणीवर परतते.

त्या मांडणीत एक ओळ डिस्कशी कोणत्या रीतीने बोलायचे याची असते. दोन रीती असतात: जुनी आयडीई आणि नवी एएचसीआय. २०११ च्या सुमाराच्या अनेक बोर्डांवर मूळ मांडणी जुन्या रीतीची असे, आणि विंडोज ७ घालणारा जाणता कारागीर आधी ती बदलून नवी करीत असे. विंडोज त्या एका रीतीवर बसलेले. आता सेल मेला, वीज गेली, बायोस मूळ रीतीवर आले. विंडोज नव्या भाषेची वाट पाहते, समोरून जुनी ऐकू येते आणि ते ७बी लिहून कोसळते. पुण्याला गेलेला तो मुलगा दहा मिनिटांत काय करीत असे हे आता उघड झाले. तो बायोसमध्ये शिरून ती एक ओळ परत बदलत असे. सेल त्याने बदलला नाही. कदाचित त्याला सुचला नसेल, कदाचित पुन्हा बोलावणे यावे असेही वाटले असेल. घरच्यांनी काय केले हे विचारले नाही, हेही तितकेच खरे.

हा दोष ओळखण्याची खूण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर असते: तारीख. यंत्र सुरू होताना ‘सीमॉस चेकसम एरर’ अशी ओळ येते आणि एफ-१ दाबा असे यंत्र सांगते. लोक वर्षानुवर्षे रोज सकाळी एफ-१ दाबतात आणि तो चालू करण्याच्या विधीचाच भाग मानतात. बायोसमध्ये पाहिले तर तारीख १ जानेवारीची आणि साल बोर्डाच्या जन्माचे, २००९ वगैरे. यंत्र उठले तरी बँकेची आणि जीएसटीची संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण त्यांच्या सुरक्षा-दाखल्यांची मुदत त्या यंत्राच्या लेखी अजून सुरूच झालेली नसते. लोक नेटवाल्याला फोन करतात!

चुकलेल्या तारखेचा खरा घात आणखी निराळा आहे. त्या दिवशी घेतलेल्या बॅकअपवर २००९ ची मोहर उमटते. पुढे पेन ड्राइव्हवर जागा उरत नाही, कोणीतरी फाइली तारखेप्रमाणे लावून सर्वांत जुन्या पुसून टाकतो, आणि पुसला जातो तो परवाचा, सर्वांत ताजा बॅकअप. वहीच्या पानावर मिती चुकली तर शेजारच्या पानावरून कळते. येथे शेजारचे पान नसते.

दुरुस्ती अशी की, यंत्र बंद करून वायर भिंतीतून काढावी, जुना सेल बोटाने खटका दाबून काढावा आणि नवा, अधिकची खूण वर ठेवून, बसवावा. घड्याळजींकडे किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात तो सहज मिळतो. मग यंत्र सुरू करताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये जावे, तारीख आणि वेळ घालावी, सॅटाच्या ओळीत पहिल्यासारखी रीत निवडावी आणि एफ-१० ने साठवून बाहेर पडावे. पहिली रीत कोणती हे आठवत नसेल तर एकदा ही आणि एकदा ती निवडून पाहावी. चुकीची निवडल्याने डिस्कवरचे काही जात नाही, फक्त यंत्र उठत नाही. बायोसच्या त्या पडद्याचेही एक छायाचित्र घेऊन ठेवावे. जे घरातील काटकसरीच्या सवयीने रोज रात्री भिंतीवरचे बटण बंद करतात, त्यांना हा दोष रोज सकाळी दिसतो. त्यांनी सवय सोडू नये, सेल बदलावा.

एवढ्याने हे यंत्र उठले. विंडोज पुन्हा घालावे लागले नाही, टॅलीचा परवाना पुन्हा बसवावा लागला नाही, आणि कारागिरानेही प्रांजळपणे सांगितले की सेलचे त्याला सुचले नव्हते. त्याला त्याच्या येण्याचे पैसे दिले गेले, हेही योग्यच झाले.

प्रश्न उरतो तो हिशेबाच्या रक्षणाचा, आणि तो आता केवळ घराचा नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची पुस्तके त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२३-२४ च्या विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर २०२४ ही धरली, तर त्या वर्षाचा हिशेब २०३० च्या डिसेंबरअखेरपर्यंत दाखवता आला पाहिजे. त्याच कायद्याखालील नियम ५७ सांगतो की, संगणकावर हिशेब ठेवणाऱ्याने त्याचा योग्य बॅकअप असा ठेवावा की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने मूळ नष्ट झाले तरी वाजवी काळात तो परत मिळवता येईल. ‘संगणक बिघडला होता’ हे उत्तर नियमाने आधीच बाद ठरवले आहे. म्हणून बॅकअप त्याच यंत्राच्या डी ड्राइव्हमध्ये ठेवण्यात अर्थ नाही. बहुधा ती त्याच डिस्कची दुसरी खोली असते. एक प्रत घरात वेगळ्या डिस्कवर, एक गावाबाहेर, पुण्याच्या मुलाकडे किंवा क्लाउडवर, आणि महिन्यातून एकदा दुसऱ्या यंत्रावर ती उघडून पाहिलेली. न उघडलेला बॅकअप म्हणजे न मोजता तिजोरीत ठेवलेली थैली.

यंत्र उठले म्हणून ते तरुण झाले असेही नाही. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० पासून नाही, विंडोज १० चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि क्रोम ब्राउझर विंडोज ७ वर १०९ व्या आवृत्तीपाशी थांबला आहे. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे. त्याला इंटरनेटपासून दूर ठेवून केवळ खतावणीचे काम द्यावे, करांचे आणि बँकेचे काम नव्या यंत्रावर करावे, हा मध्यम मार्ग काही वर्षे चालू शकतो. जुनी फिरती डिस्क बदलून एसएसडी बसवली तर उठण्याचा वेगही वाढतो आणि डिस्कच्या आकस्मिक मृत्यूची भीतीही बरीच कमी होते; पण डिस्क बदलण्याआधी त्या आकडी फोल्डरांची प्रत हातात हवीच.

सूनबाईंनी नव्या सेलची तारीख कागदाच्या चिठ्ठीवर लिहून पेटीच्या आतल्या बाजूला चिकटवली. मामंजींनी त्या दिवशीच्या रोजकीर्दीच्या कडेला लिहिले: ‘संगणकाचा सेल बदलला. चालू.’ आणि खाली सेलची किंमत दुरुस्ती खात्यात नावे टाकली.